धडा चौथा : पडणे

सस्कॅचवानात जानेवारी म्हणजे खिडकीच्या आतूनही बर्फ.
प्रार्थना झाली, लापशीची भांडी विसळून झाली,
मग टेबलावर दोन शास्त्रं मांडली:
एक काळ्या कातड्याचं, कडा झिजलेलं, सासूबाईंचं;
एक पिवळ्या पुठ्ठ्याचं, टपालानं मागवलेलं,
ज्याच्या बेचाळिसाव्या पानावर माझंच घोडं अडतं.

शाळेत मला भौतिकशास्त्र जड गेलं, मी म्हटलं.
तिर्झानं विचारलं, जड म्हणजे किती किलो?
हे मी वहीत टिपून ठेवलं, रात्री नवऱ्याला सांगायला.

सोमवारी लाटण्यावर फळी ठेवून टेकू केला.
एका टोकाला पाच वर्षांचा बार्नाबस, दुसऱ्याला पिठाची गोणी.
लाटणं गोणीकडे सरकवत नेलं
तशी त्यानं बसल्या बसल्या गोणी उचलली
आणि दिवसभर घराला सांगत सुटला, मी शमशोन.

मंगळवारी वाडग्यातल्या पाण्यावर सुई तरंगवली.
दोन बुडाल्या, तिसरी राहिली.
तिर्झा म्हणाली, संदेष्ट्याची कुऱ्हाड अशीच तरंगली का?
नाही. पाण्याची साय सुईला पेलते, कुऱ्हाडीला नाही.
मग ती कशी तरंगली?
म्हणून तर ती लिहून ठेवली, बाळ. सुईचं कोण लिहितं?
उत्तर बरं जमलं, असं वाटलं.
तेवढ्यापुरतं.

गुरुवारी दोन बटाटे.
एक मुठीएवढा, एक अक्रोडाएवढा.
एनॉस माळ्याच्या जिन्यावर, हात लांब करून;
खाली तिर्झा डोळे मिटून, नुसते कान देऊन.
धप्प.
एकच.
पुन्हा टाक, ती म्हणाली. पुन्हा एकच.
आठ-दहा वेळा, बटाटे फुटेपर्यंत.
बघा, मी म्हटलं, पृथ्वी भेदभाव करत नाही,
लहान-मोठं बघत नाही.

एनॉस जिन्यावरून उतरला नाही.
नऊ वर्षांचा आहे. म्हणाला,
चांगलं-वाईटही बघत नाही?

म्हणजे लीलंड काका.
ऑक्टोबर, गव्हाच्या कोठाराची शिडी,
वरून तिसरी पायरी, पायरीवर दंव.
अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एनॉस, हातात बादली.
चर्चमध्ये आम्ही त्याबद्दल बोललो, गाणी म्हटली,
शेजारणींनी झाकलेली भांडी आणून दिली.
घरात नाही बोललो.

चूल तडतडली.
पडणाऱ्या चिमणीचं वचन माझ्या ओठांवर तयारच होतं,
पण नीट वाचलं तर
चिमणी पडत नाही, असं ते कुठे म्हणतं?
ती पडतेच.
कुणीतरी बघतो, एवढंच.

नाही बघत, मी म्हटलं. चांगलं-वाईट नाही बघत.

बराच वेळ त्यानं कठड्याची साल काढली.
मग, मी धावलो असतो तर?

तेव्हा मी पिवळं पुस्तक उघडलं. पान बेचाळीस.
कोठार सहा मीटर. दुप्पट करा, भागा, वर्गमूळ काढा;
मला दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं:
एक सेकंद, आणि जेमतेम दहावा भाग.
बाबांचं घड्याळ आणलं.
म्हटलं, धाव. मी थांब म्हणेपर्यंत.

चार पावलं.
पुन्हा धावला. चार.
मोजे काढून धावला. पाच, पण पाचवं अर्धंच.
किती होती? मी विचारलं.
वीस, तो म्हणाला. त्यानं कधीच मोजून ठेवली होती.

भिंतीला पाठ लावून तो खाली बसला
आणि आपल्या पायांकडे बघत राहिला,
जणू ते आत्ताच कुणी परत आणून दिले.
मी हात लावला नाही.
काळ्या पुस्तकालाही नाही.

संध्याकाळी त्या बटाट्यांचं सूप केलं.
दाताखाली थोडी कचकच लागली.
एनॉसनं दोन वाडगे घेतले,
तिसरा मागितला.